लेसिकच्या क्लिनिकला सगळे पाच स्टार आहेत तरी भीती वाटतेय, ज्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंय त्यांचा अनुभव खरंच कसा होता?

तुम्ही लिहिलंय की वय २४, नंबर मायनस ५.५, क्लिनिक जवळपास ठरलंय, पण रिव्ह्यू वाचायला बसलात तर बहुतेक सगळे "दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं, रडूच आलं" असं लिहितात आणि मधेच दोघं-तिघं लिहितात की डोळे कोरडे पडलेत, रात्री गाड्यांचे लाईट फाकतात, मग नक्की कुणाचं खरं मानायचं. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. फक्त रिव्ह्यू ऑपरेशननंतर कितव्या दिवशी लिहिलाय ते बघा.

मी चष्म्याचा नंबर घालवायचं हे लेझर ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी करून घेतलं. उजवा मायनस ६.५, डावा मायनस ६. तिसऱ्या दिवशी कुणी माझ्याकडून रिव्ह्यू मागितला असता तर एकच स्टार दिला असता (तोही मोबाईलकडे बघता आलं असतं तर), तिसऱ्या महिन्यात पाच दिले असते आणि आज विचाराल तर चार. क्लिनिक तेच, सर्जन तेच, डोळेही माझेच.

आधी पहिल्या क्लिनिकची गोष्ट सांगते, नाव घेत नाही. एकदम चकाचक, भिंतीवर चष्मे हवेत फेकणाऱ्या लोकांचे फोटो, रिव्ह्यू तुमच्या क्लिनिकसारखेच. मी कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच गेले कारण फोनवर कुणी काही सांगितलंच नव्हतं, तर काउंटरवरच्या मुलीने लेन्स डबीत काढून ठेवायला लावल्या, पंधरा मिनिटं बसवलं आणि मग एकामागून एक चार मशीनवर हनुवटी टेकवून झालं. अर्ध्या तासात सगळं उरकलं. डॉक्टर भेटलेच नाहीत, एक काउन्सेलर मॅडम टॅबलेट घेऊन आल्या आणि पॅकेज दाखवून म्हणाल्या परवाचा एक स्लॉट रिकामा आहे. मी विचारलं माझ्या कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, लेझर त्यावरच चालतं) जाडी किती आली, तर म्हणे "नॉर्मल आहे मॅम". सोबत ताई होती, तिने तिथेच मला कोपराने ढोसलं. नॉर्मल हा काय आकडा झाला का?

नंतर कळलं की लेन्स काढून पंधरा मिनिटांत घेतलेलं ते माप भरवशाचं नव्हतंच. लेन्स दिवसभर कॉर्नियावर बसलेली असते, तिने त्याचा आकार थोडा बदलतो, थोडी सूज पण असते, म्हणून मऊ लेन्स असतील तर तपासणीआधी किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे किंवा जास्तच काढून ठेवायला सांगतात. लेझर शेवटी मापाबरहुकूम चालणार, माप चुकलं तर तो अगदी अचूकपणे चुकीचं काम करणार. माझा उजवा नंबर पहिल्या ठिकाणी मायनस ७ निघाला होता, दोन आठवडे लेन्स बंद ठेवून दुसरीकडे मोजला तर साडेसहा. तो अर्धा नंबर कायमचा जास्तीचा कोरला गेला असता.

दुसरं क्लिनिक बघितलं तर तुम्ही बाहेरूनच परत फिराल. गर्दी, खुर्च्या मोडक्या, आणि रिव्ह्यूमध्ये एक स्टारवाले पुष्कळ, सगळ्यांची तक्रार एकच की खूप वेळ बसवून ठेवतात. मलाही अडीच-तीन तास लागले. पण तो वेळ जातो कशात ते बसल्यावर कळलं. नुसती समोरून नाही तर कॉर्नियाची मागची बाजू पण मॅप केली, कारण कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस नावाचा आजार असतो त्याची पहिली खूण बऱ्याचदा मागच्या बाजूला दिसते, आणि तो लपलेला असताना लेझर केलं तर कॉर्निया आणखी कमजोर होऊन पुढे फुगत जातो. मग अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजलं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं अश्रू मोजले, विचित्र वाटतं पण दुखत नाही. डोळ्याचं प्रेशर बघितलं. शेवटी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला मागचा पडदा, तपासला, आणि इथे सर्जननी एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच जाहिरातीत दिसली नाही, की लेझरने नंबर जातो पण मायनस नंबरवाल्यांचा डोळा आतून लांब असतो तो तसाच राहतो, त्यामुळे रेटिना पातळ असण्याचा, त्याला भोक पडण्याचा धोका चष्मा गेल्यावरही राहतो. वर्षाला तपासणी सुटत नाही.

मग त्यांनी कागद घेतला आणि माझ्यासमोर वजाबाकी केली. ती तुम्हीही घरी करू शकता म्हणून सांगते. माझा कॉर्निया ४९८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), साधारण लोकांचा ५४० च्या आसपास असतो. लेसिकमध्ये आधी वरून झाकणासारखा पातळ थर उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात, तो धरा ११०. मग लेझर एका नंबरमागे साधारण १४ मायक्रॉन खातं, म्हणजे साडेसहाला ९१. ४९८ मधून दोन्ही वजा केले की खाली उरतात २९७. किमान २५० उरायला हवेत असा नियम आहे, म्हणजे नियमात मी बसत होते, पण ते म्हणाले, "मी ३०० च्या खाली जात नाही, तुमचं लेसिक मी करणार नाही." पीआरके करू म्हणाले. त्यात फ्लॅप कापत नाहीत, फक्त सगळ्यात वरचा सालीसारखा ५० एक मायक्रॉनचा पेशींचा थर काढतात, तो चार-पाच दिवसांत परत येतो, आणि लेझर थेट त्याखाली मारतात. माझे खाली साडेतीनशेच्या वर उरले. पहिल्या क्लिनिकमध्ये परवाच्या स्लॉटला लेसिकच होणार होतं हे आठवून तिथे बसल्याबसल्याच पोटात गोळा आला.

ऑपरेशनचा दिवस मात्र अगदीच छोटा. सुन्न करणारे थेंब, पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा, वरची साल सैल करायला अर्धा मिनिट द्रावण, मग समोरच्या लुकलुकणाऱ्या लाईटकडे बघत राहायचं आणि टकटकटक आवाज. एका डोळ्याला लेझर मिनिटभरसुद्धा चाललं नसेल. डोळा थोडा हलला तर मशीन मागोमाग हलतं, फार हलला तर आपोआप थांबतं, त्यामुळे "शिंकले तर?" ही भीती मनातून काढून टाका, मला तीच सगळ्यात जास्त होती. केस जळाल्यासारखा वास येतो. गंमत म्हणजे त्यात जळत काहीच नाही, हे १९३ नॅनोमीटरचं अतिनील लेझर आहे, ते आजूबाजूला गरम न करता रेणूंची जोडणीच तोडतं. १९८१ मध्ये आयबीएमच्या लॅबमध्ये रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर ते मारून बघितलं आणि कडा न करपता स्वच्छ काप गेला, तिथून ही सगळी गाडी सुरू झाली. मी टेबलावर पडून टर्कीचाच विचार करत होते.

खरा अनुभव त्यानंतर. डोळ्यावर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून घरी सोडलं, पहिली संध्याकाळ बरी गेली, मला वाटलं आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जे सुरू झालं, डोळ्यात कोणी वाळू भरून वर कांदा चिरतंय असं, पाणी थांबेना, खिडकीला जाड चादर लावली तरी उजेड टोचायचा. तिसऱ्या रात्री मी क्लिनिकच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. आणि माझ्या मते क्लिनिकची परीक्षा ऑपरेशन टेबलावर नाही तर ह्या फोनवर होते. ड्युटीवरच्या डॉक्टरने उचलला, "होतं असं" म्हणून कटवलं नाही, विचारलं की लेन्स जागेवर आहे का, पिवळा चिकट स्राव आहे का, नजर कालपेक्षा अचानक खाली गेलीये का, मग गोळी सांगितली आणि सकाळी उघडायच्या आधीच यायला लावलं. लेन्सच सरकली होती, बदलली. पाचव्या दिवशी काढली तेव्हा दुखणं संपलं होतं पण दिसत होतं भुरकटच. दोन आठवडे स्क्रीनवर अक्षरं दुहेरी, सहा आठवड्यांनी कामापुरतं ठीक आणि तीन महिन्यांनी दोन्ही डोळे ६/६, म्हणजे नॉर्मल नजर.

पाच स्टारचं कारण विचाराल तर ६/६ नाही. पीआरकेनंतर व्रणासारखा धूसरपणा येऊ नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे-महिने चालतात आणि काही जणांच्या डोळ्यांचं प्रेशर त्याने वाढतं, वाढलेलं आपल्याला कळत नाही, दुखत नाही काही नाही. माझं महिन्याच्या तपासणीत वाढलेलं सापडलं, थेंब बदलले, परत खाली आलं. मला तर त्या दिवशी जायचाच कंटाळा आला होता, "आता दिसतंय की" म्हणून, पण त्यांनी दोनदा फोन करून बोलावलं. आणि एक स्टार कापला तो रात्रीसाठी. माझी बाहुली अंधारात मोठी होते हे त्यांनी मोजलं होतं, मग त्याचा अर्थ पण सांगायचा ना, नुसतं "सुरुवातीला थोडा त्रास" म्हणाले, आणि मी जवळजवळ सात महिने रात्री गाडी चालवली नाही, कारण समोरून येणारा प्रत्येक लाईट पिंजलेल्या कापसासारखा दिसायचा. आता खूप कमी आहे, गेलेलं नाही.

आता लेसिकवाल्यांचं, कारण तुमचं बहुधा तेच होईल. माझ्या मावसभावाने केलं, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच घड्याळ दिसलं. दुसऱ्या दिवशीच तपासणी असते, माणूस हवेत असतो, आणि बाहेर पडताना काउंटरवरून गोड आवाजात "सर, एक रिव्ह्यू टाकाल का" येतं. झाले पाच स्टार. त्याचे डोळे कोरडे पडायला लागले तिसऱ्या आठवड्यात, कारण फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत वाढायला सहा महिने-वर्ष लागतं आणि तोवर डोळ्याला आपण कोरडे झालोय हेच नीट कळत नाही, मग अश्रू कमी सुटतात. आठ महिने तो खिशात थेंबांची बाटली घेऊन हिंडला. रिव्ह्यू अजून तोच आहे, कोण जातंय परत बदलायला! तुम्ही वाचलेले ते दोघं-तिघं बहुतेक असे लोक आहेत जे परत गेले.

आणि हे फक्त माझ्या घरातलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था) लेसिकवर प्रॉल नावाचा अभ्यास केला, त्यात आधी वलयं, चकाकी, दुहेरी दिसणं असं काहीच नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी त्यातलं निदान एक तरी जाणवत होतं आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा, पण तरीही बहुतेक सगळे नजरेवर खूश होते आणि ह्या दिसण्याच्या त्रासाने रोजचं काम फार अडलं असे एक टक्क्याहून कमी. म्हणजे पाच स्टारवाला खोटं बोलत नाहीये आणि त्रासवाला रडतराऊत पण नाहीये, कधीकधी तो एकच माणूस असतो.

त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर "वॉव" वाले सगळे रिव्ह्यू सोडून दिले असते, ते लेझरचं कौतुक आहे, क्लिनिकचं नाही. असे शोधा ज्यात कुणीतरी लिहिलंय की मला नाही म्हणून परत पाठवलं. जी जागा कुणालाच नाही म्हणत नाही तिथे मी जाणार नाही. आणि असे शोधा ज्यात काहीतरी बिघडलं, मग पुढे काय केलं ते लिहिलंय. तुमच्या मायनस ५.५ ला लेझर साधारण ७७ मायक्रॉन खाईल, तेव्हा जाडीचा आकडा आणि टॉपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या मॅपचा, प्रिंट मागून घ्या, देत नसतील तर तिथेच उठा. नंबर वर्षभर स्थिर आहे का ते जुन्या चष्म्याच्या कागदांवरून बघा, २४ व्या वर्षी काहींचा सरकत असतो. रात्री किती गाडी चालवता ते स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. लेसिक असेल तर फ्लॅपच्या वेळी डोळ्यावर जी रिंग बसवतात तिच्या दाबाने काही सेकंद दिसणं पूर्ण अंधारू शकतं, ते नॉर्मल आहे, भावाला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं गेला डोळा.

दुखतं का असं शेवटी विचारलंय. लेझरच्या वेळी नाही, दोन्हीत नाही. लेसिकनंतर काही तास चुरचुरतं, झोपून काढा. पीआरके निघालं तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीसाठी घरात कोणीतरी असू द्या, कारण थेंबांचं वेळापत्रक तुम्हाला वाचता येणार नाही. ताईने मला अलार्म लावून दिले होते तरी मी एकदा अँटिबायोटिकऐवजी दोन्ही वेळा कृत्रिम अश्रूच टाकले, बाटल्या अगदी सारख्या दिसतात हो. एकीला रबरबँड लावून ठेवा, हाताला कळतं.