मानवी हक्क समितीपुढे जिनिव्हा करार लावता येतो का?

लातूरच्या एका विधी विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: मूट कोर्टच्या (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याच्या) प्रसंगात सरकारी विमानांनी एका गावावर बॉम्ब टाकलेत, नागरिक मेलेत, काहींना छावणीत डांबलंय. नातेवाईक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडं गेलेत. मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांची कलमं लावली तर चालतील, की 'हे आमच्या अधिकारात नाही' म्हणून समिती हात वर करेल?

चालतील, पण कुठं लावता त्यावर सगळं आहे. समितीला अधिकार मिळतो तो तिच्या स्वतःच्या करारातून, म्हणजे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातून. 'जिनिव्हा करार मोडला' असा निकाल ती देऊ शकत नाही. आपल्या कराराचा अर्थ लावताना मात्र ती जिनिव्हा करार वाचू शकते. आपल्याकडं फेरफाराला हरकत आली की महसूल अधिकारी खरेदीखत वाचतो, त्यावरून नोंद मंजूर करतो किंवा रद्द करतो. मालकी कुणाची हे शेवटी दिवाणी कोर्टच ठरवतं. इथंही तेच.

अमेरिका खंडात हा वाद प्रत्यक्ष झालाय. अर्जेंटिनातल्या ला ताब्लादा लष्करी तळावर २३ जानेवारी १९८९ ला हल्ला झाला, सुमारे तीस तास लढाई चालली. तिथल्या मानवी हक्क आयोगानं १९९७ च्या अहवालात जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ (चारही करारांत असलेलं, देशांतर्गत संघर्षासाठीचं कलम) थेट लागू केलं. पण २००० मध्ये लास पाल्मेरास प्रकरणात आंतर-अमेरिकी कोर्टानं सांगितलं, की आमचं अधिकारक्षेत्र अमेरिकी मानवी हक्क करारापुरतंच. त्याच वर्षी बामाका प्रकरणात हेच कोर्ट म्हणालं, की अर्थ लावण्यासाठी जिनिव्हा करार बघायला हरकत नाही.

तुमच्या मेमोरियलमध्ये हे असं दिसेल. चुकीची मागणी: 'प्रतिवादी देशानं जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या कलम ५१ चा भंग केला असं जाहीर करावं.' बरोबर मागणी: 'नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ६ चा भंग झाला असं जाहीर करावं.' आणि त्याखाली युक्तिवादात: कलम ६ मनमानीपणे जीव घ्यायला मनाई करतं, अंदाधुंद हल्ल्यातला मृत्यू मनमानी असतो, अंदाधुंद म्हणजे काय, ते कलम ५१ वरून घ्यावं. सगळी मदार 'मनमानी' या एका शब्दावर आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९९६ च्या अण्वस्त्रांवरच्या सल्ला-मतात हीच वाट दाखवली: कलम ६ युद्धातही थांबत नाही, पण लढाईत मनमानी कशाला म्हणायचं ते युद्धाच्या कायद्यानं ठरतं. कलम ६ चा अर्थ सांगणारी समितीची २०१८ ची सामान्य टिप्पणी क्रमांक ३६, परिच्छेद ६४, तर पाठच करा. नागरिकांना लक्ष्य करणं, अंदाधुंद हल्ले, खबरदारी आणि प्रमाणबद्धता न पाळणं, हे सगळं कलम ६ च्या भंगात मोडतं, असं तिथं स्पष्ट लिहिलंय.

एक बारकी खोच: प्रसंगातला संघर्ष देशांतर्गत असेल तर पहिला पूरक प्रोटोकॉल लागूच होत नाही, तो मुख्यतः दोन देशांमधल्या युद्धासाठी आहे. तिथं रूढ कायद्यावर, म्हणजे देशांच्या सततच्या वागण्यातून बंधनकारक झालेल्या नियमांवर, जावं लागतं. रेड क्रॉसच्या २००५ च्या अभ्यासात असे १६१ नियम मांडलेत. आणि संघर्ष आहे की नाही, हे सरकारनं दिलेल्या नावावर ठरत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात फौजा शिरल्या त्याला आपण आजही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतो. आजचे जिनिव्हा करार त्यानंतरचे, ऑगस्ट १९४९ चे. पण आज असं काही घडलं तर नाव बाजूला ठेवून वस्तुस्थिती बघतील. देशांतर्गत संघर्षासाठी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या १९९५ च्या तादिच निर्णयाची कसोटी आहे: हिंसेची तीव्रता किती, आणि दुसरी बाजू किती संघटित.

आता विद्यार्थी हमखास फसतात ते ठिकाण. अर्जदाराच्या बाजूनं उभे असाल तर युद्धाचा कायदा आणायचा का, हे आधी ठरवा. तो कायदा लढणाऱ्याला मारायची मुभा देतो, नागरिकांचं काही नुकसानही प्रमाणात असेल तर चालवून घेतो. शांतताकाळाचा निकष त्याहून कडक. कातिर-युर्त या चेचेन गावावर फेब्रुवारी २००० मध्ये एफएबी-२५० आणि एफएबी-५०० जातीचे बॉम्ब पडले, ज्यांचा मारा हजार मीटरच्या पलीकडं पोचतो. रशियानं ना मार्शल लॉ पुकारला होता, ना युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम १५ खाली आणीबाणीत काही हक्क थांबवण्याची सवलत घेतली होती. म्हणून २००५ च्या इसायेवा निकालात युरोपीय मानवी हक्क कोर्टानं नेहमीच्याच कायद्याची फूटपट्टी लावली आणि रशिया हरला. तेव्हा पहिला मुद्दा शांतताकाळाचा निकष, आणि 'युद्धाचा कायदा धरला तरीही भंगच' हा पर्यायी मुद्दा, अशी मांडणी सुरक्षित.

छावणीतल्या लोकांचं गणित वेगळं. २०१४ च्या हसन विरुद्ध ब्रिटन प्रकरणात युरोपीय कोर्टानं इराकमधली स्थानबद्धता तिसऱ्या आणि चौथ्या जिनिव्हा कराराच्या उजेडात वाचली आणि ब्रिटनच्या बाजूनं निकाल दिला. पण दोन अटी लक्षात ठेवा: संघर्ष आंतरराष्ट्रीय होता, आणि प्रतिवादी देशानं हा बचाव स्वतःहून स्पष्ट मांडायला हवा. देशांतर्गत संघर्षात हसनचा आधार घेणाऱ्या प्रतिपक्षाला इथंच पकडा. सामाईक कलम ३ मध्ये डांबून ठेवण्याचा अधिकार कुठंच लिहिलेला नाही. समितीपुढे नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम ४ ही (आणीबाणीत काही हक्क थांबवण्याबद्दलचं) तपासा: देशानं आणीबाणीची सूचना महासचिवांमार्फत इतर सदस्य देशांना दिली होती का? जीवनाचा हक्क आणि छळाला मनाई यांना कलम ४ नं हातच लावता येत नाही.

मृत्यूंच्या तपासाचा मुद्दा शेवटच्या पानावर ढकलू नका. बॉम्ब कायदेशीर होता की नाही हे सिद्ध करायला नकाशे, आदेश, उड्डाणाच्या नोंदी लागतात, आणि त्या सगळ्या सरकारच्याच कपाटात. स्वतंत्र, तातडीचा तपास झाला नाही, हे मात्र अर्जदार सहज दाखवू शकतो, आणि तेवढ्यावरही भंग ठरतो.

प्रसंगातला देश भारतासारखा असेल तर अर्ज दाखल व्हायच्या आधीच अडेल. भारतानं १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारींची मुभा देणारा पर्यायी प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, १९६० खालीही सरकारनं तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. उरतो राष्ट्रीय मानवाधिकार आयोग. सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत तो १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, आणि कलम ३६ नुसार घटनेला वर्ष उलटलं की चौकशी करता येत नाही. तेव्हा प्रसंगातली तारीख आधी बघा.