वाचक विचारतात : अस्वलाचा नाच आणि सोललेली झाडं

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो. मे महिन्याच्या शेवटी नैर्ऋत्य कोलोरॅडोतल्या इग्नासिओ गावात यूट लोकांचा (इथल्या मूळ अमेरिकन जमातीचा) ‘बेअर डान्स’ असतो. बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का?

उत्तर : चालतं. ‘अस्वलाचा नाच’ म्हटलं की आपल्याला दरवेशी आठवतो. इथे अस्वल नसतं, माणसंच नाचतात. हिवाळाभर झोपलेलं अस्वल जागं होतं, त्या दिवसांचा हा उत्सव. फांद्यांचं मोठं गोल कुंपण घालून आत नाचतात. वाद्याचं नाव मोराची (मोराशी संबंध नाही!). ही खाचा पाडलेली काठी. तिचं एक टोक पत्रा ठोकलेल्या पोकळ खोक्यावर टेकवायचं आणि खाचांवरून दुसरी काठी किंवा सळई घासायची. खोकं नसेल तर नुसती खरखर. पोकळीत ती घुमली की अस्वलाची गुरगुर होते.

जोडीदार बायका निवडतात. शालीचं टोक पुरुषाकडे झटकलं की ते आमंत्रण, आणि नाही म्हणायची सोय नाही. आढेवेढे घेणाऱ्याला ‘कॅट मॅन’ (नाचात शिस्त राखणारा माणूस) छडी दाखवून उठवतो. त्यामुळे नुसतं बघायचं असेल तर पुरुषांनी नाचणाऱ्यांच्या रांगेत बसू नये. बायकांना नाचायचं असेल तर शाल न्या. विचारल्याशिवाय फोन बाहेर काढू नका. ‘सन डान्स’ मात्र निराळा : तो उपासाचा विधी, तिथे हौशी प्रेक्षकांनी जाऊ नये.

प्रश्न : जंगलात पाँडेरोसा पाइनच्या खोडावर मोठा व्रण दिसला. तो यूट लोकांनी केलेला असेल का?

उत्तर : असू शकतो. वसंतात रस चढला की साल सहज सुटते. खाली आडवा छेद देऊन ती वर ओढत आणि आतला गोडसर थर खात. साल पूर्ण वेढा घालून काढली तर झाड मरतं. एका बाजूचीच काढल्यामुळे ही झाडं जगली. व्रणाचा खालचा काठ आडवा आहे का, त्यावर कुऱ्हाडीचे घाव आहेत का, ते पाहा. जमिनीपाशी रुंद, काळपट त्रिकोण असेल तर ती आगीची खूण. वरून खाली गेलेला लांब पट्टा बहुधा विजेचा. वाकलेलं प्रत्येक झाड ‘यूटांचा प्रार्थनावृक्ष’ म्हणून दाखवणाऱ्यांवर भरवसा ठेवू नका. बर्फाच्या भारानेही झाडं तशीच वाकतात. व्रण कोरू नका, नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका.

प्रश्न : पश्चिम कोलोरॅडोतल्या माँट्रोझला यूट संग्रहालय आहे, पण आसपास यूट वस्ती का नाही?

उत्तर : १८६८च्या करारात कोलोरॅडोचा पश्चिम भाग त्यांचा ठरला होता. सान वान डोंगरांत सोनं-चांदी सापडली आणि १८७३च्या ब्रुनो कराराने ते डोंगर गेले. १८७९मध्ये मीकर या सरकारी एजंटशी यूटांचा संघर्ष झाला. त्यानंतर, १८८१मध्ये, इथल्या अनकम्पाग्रे या यूट गटाला युटा राज्यात हलवलं. संग्रहालय यूटांचा प्रमुख उरे आणि त्याची बायको चिपेटा यांच्या शेताच्या जागेवर आहे. चिपेटाची कबरही तिथेच. ब्रुनो करारात राखलेला शिकारीचा हक्क मात्र कागदावरच राहिलेला नाही : त्या डोंगरांत सदर्न यूट (इग्नासिओचे यूट) आजही आपल्या जमातीच्या परवान्यावर शिकार करतात.