पार्किन्सनमुळे वडिलांच्या तोंडातून सतत लाळ गळते. ती कमी करायला कोणतं औषध द्यावं?

औषधं आहेत, पण सुरुवात तिथून करू नका. मी स्पीच थेरपिस्ट आहे, गिळायला त्रास होणारे रुग्ण रोज बघते. घरच्यांना वाटतं लाळ फार सुटते आहे. पार्किन्सनमध्ये सहसा तसं नसतं. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण आपण नकळत आवंढे गिळत असतो, म्हणून ती जाणवत नाही. तुमच्या वडिलांचं हे आपोआप गिळणं मंदावलं असणार. त्यात मान झुकलेली आणि ओठ अर्धवट उघडे असले की लाळ बाहेर येणारच.

तेव्हा आधी दोन-चार दिवस नीट बघा. लाळ जास्त कधी गळते? टीव्हीसमोर, पेपर वाचताना, की पुढच्या गोळीची वेळ होत आली की? शेवटचं असेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा, लेव्होडोपाच्या (पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या) वेळा बदलूनही काहींना फरक पडतो. इतर गोळ्यांची यादीही दाखवा. भास होत असतील तर देतात त्या क्लोझापीनसारख्या औषधाने लाळ खरोखरच वाढते.

बसण्याकडे लक्ष द्या. पाठीला आधार हवा, हनुवटी छातीवर टेकायला नको, टीव्ही नजरेच्या रेषेत हवा. मी रुग्णांना एक क्रम घोटून घ्यायला लावते: ओठ मिटा, दातावर दात ठेवा, जीभ टाळूला लावा, गिळा. बोलायला तोंड उघडण्याआधी हे एकदा करायचंच. आठवणीसाठी मनगटावर थरथरणारं घड्याळ चालतं. "बाबा, गिळा" असं चारचौघांत सारखं म्हणू नका. माणूस ओशाळतो आणि हळूहळू लोकांत बसणंच सोडतो. च्युइंगगम चघळल्यानेही गिळणं वाढतं, मात्र ठसका लागत असेल तर ते देऊ नका.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं. लाळ सुकवणाऱ्या गोळ्यांमध्ये ग्लायकोपायरोलेट मेंदूत फार कमी पोचतं, म्हणून वयस्करांना त्यातल्या त्यात बरं. ट्रायहेक्सीफेनिडिलने लाळ कमी होते, पण उतारवयात विसराळूपणा आणि भ्रम वाढू शकतो. या गटातल्या सगळ्याच औषधांनी बद्धकोष्ठता वाढते, आणि पार्किन्सनमध्ये ती बहुतेकांना आधीपासूनच असते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अॅट्रोपीनचे डोळ्यांचे थेंब जिभेखाली टाकतात, ते कुठेतरी वाचून घरच्या घरी सुरू करू नका. एखादा थेंब जास्त झाला तरी म्हातारं माणूस बरळायला लागू शकतं.

मला विचाराल तर त्रास जुना आणि रोजचा असेल तेव्हा बोटुलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्स ज्यापासून बनतं त्या, लाळग्रंथींचं काम काही काळ मंदावणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनबद्दल लवकर विचारावं. लोक नाव ऐकूनच बिचकतात. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींत बारीक सुईने ते देतात, सोनोग्राफीवर बघत दिलं तर नेम सहसा चुकत नाही. असर साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, प्रौढांच्या जुनाट लाळ गळण्यासाठी 2018 मध्ये एका आणि 2019 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या टॉक्सिनला मान्यता दिली. औषध आजूबाजूच्या स्नायूंत पसरलं तर गिळणं काही काळ आणखी अवघड होतं, त्यामुळे हात बसलेला डॉक्टरच हवा. शस्त्रक्रियेची वेळ पार्किन्सनमध्ये क्वचितच येते.

यातलं काहीही करण्याआधी गिळण्याची तपासणी मात्र करून घ्या. जेवताना किंवा पाणी पिताना ठसका, खाल्ल्यावर घशात पाणी असल्यासारखा घरघरता आवाज, मधूनच ताप आणि कफ, यातलं काही दिसत असेल तर लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शंका येते, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. असं असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. ताप असेल किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी.