गाडी नसताना पॅटागोनियात हिमनद्यांजवळचे ट्रेक करता येतात का?

हो, आरामात. अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून बसने एल चाल्तेनला जा. अंतर साधारण २१५ किमी, वेळ तीन तास. पायवाटा थेट गावातूनच सुरू होतात.

लागुना तोरे या सरोवरापर्यंत एका बाजूने ९ किमी, चढ सौम्य. लागुना दे लोस त्रेस या दुसऱ्या सरोवरापर्यंत एका बाजूने १० किमी. पण शेवटच्या एका किलोमीटरात सुमारे ४०० मीटर खडा चढ आहे, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. घाईने उतरताना सुट्या दगडांवर पाय घसरतो, म्हणून काठ्या न्याच. याच सरोवराला जाताना गावाबाहेरच्या एल पिलारपर्यंत व्हॅनने जाऊन तिथून चालायला लागलात, तर पिएद्रास ब्लांकास हिमनदीही दिसते आणि परतीची वाट वेगळी मिळते.

वारा भयंकर असतो. छत्री नको, विंडचीटर हवा. जाण्याचा दिवस आदल्या संध्याकाळी हवामान बघूनच ठरवा.