इंडस्ट्रियल इकॉलॉजीने धंद्याच्या धोरणाला फायदा होतो का? एका जिनिंगवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय, एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल करायची ही पद्धत कंपनीच्या धोरणात कामाला येते, की फक्त अहवालात छापायला बरी? अहवालासाठी करणार असाल तर करूच नका.

आमची जळगाव जिल्ह्यात जिनिंग आहे, म्हणजे कापसातली रुई आणि सरकी (बी) वेगळी करायचा कारखाना. माझा थोरला भाऊ कायम म्हणायचा, "आपला धंदा रुईचा, कचऱ्याचा नाही." क्विंटलभर कापसातून रुई निघते 33 ते 35 किलो. बाकी बहुतेक सरकी. तेल तिचं, ढोरांची पेंड तिची. सरकीचा भाव पडला की आमचा सगळा हिशेब कोलमडतो. मग धंदा नुसता रुईचा कसा?

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. ही अळी किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. म्हणजे बांधावर रचलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि जिनिंगमागचा कवडीचा (किडका कापूस) नि सरकीचा ढीग, दोन्ही तिची घरं. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावायला सांगतात ते याचसाठी. दादा मात्र ट्रॅक्टरभाडं भरून तो ढीग गावाबाहेर टाकायला लावायचा. मी म्हटलं, आपण पैसे मोजून पुढच्या वर्षीची अळी पोसतोय. ताटावरून उठेपर्यंत भांडण गेलं.

शेवटी मीच पांढरा कोळसा, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचे जळणाचे ठोकळे, बनवणाऱ्या एका कारखानदाराला गाठलं. आमचा कचरा त्याने उचलायचा आणि आसपासच्या गावांतली पऱ्हाटीही शेतातच श्रेडरने बारीक करून न्यायची. तिचे ठोकळे बॉयलरला जातात. कचऱ्याचे पैसे किरकोळच आले, दादा अजून तेवढंच धरून बसतो. खरी कमाई खेडा खरेदीत, म्हणजे गावातूनच थेट शेतकऱ्याचा कापूस घेण्यात झाली. गुजरातचे व्यापारी दारात उभे असतानाही, ज्यांचं रान आम्ही वेळेत मोकळं करून दिलं त्यांनी कापूस आम्हाला घातला. कच्चा माल कोणाच्या दारात येतो, हेच जिनिंगचं धोरण.

डेन्मार्कच्या कालुंडबोर्गचं नाव तुम्ही वाचलं असेलच. तिथे वीज केंद्राची वाफ रिफायनरीला, औषध कारखान्याला गेली आणि धूर धुताना निघणारं जिप्सम प्लास्टरबोर्डवाल्याला. वरून कोणी योजना आखली नव्हती. दोघादोघांनी आपापला नफा बघून करार केले. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राची राखही विटांना आणि सिमेंटला लागतेच की.

अडचणीही आहेत. पऱ्हाटी फोफशी असते, लांबून आणली तर गाडीभाडंच सगळं खातं. घेणारा एकच असेल तर तो बंद पडल्यावर ढीग परत तुमच्याच दारात. शिवाय सगळी पऱ्हाटी उचलूही नये. रान हलकं असेल तर तिची कुट्टी जमिनीतच गाडलेली बरी.

तुमच्या कंपनीत कोणी "हा आपला धंदा नाही" म्हणालं, तर कचरा हलवायला वर्षाला किती भाडं भरतो ते त्याच्यासमोर लिहून ठेवा. दादासमोर मी तेच केलं होतं. कबूल त्याने अजून केलेलं नाही, पण ट्रॅक्टर बंद झाला.