शेवटच्या मोघ्यापासून सुरुवात

प्रश्न : आमच्या लघुवितरिकेवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर) शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था आहे, पण सभेला मोजकीच माणसे येतात. वरचे बागायतदार म्हणतात, आमचे विहिरीवर भागते. शेवटचे म्हणतात, पाणीच पोचत नाही तर येऊन काय करू? सगळ्यांना कारभारात कसे आणावे?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : दोघांचेही खरे आहे. म्हणून सभेची नोटीस काढण्याआधी पाणी मोजायला लागा. १ क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह २४ तास चालला तर साधारण २,४५० घनमीटर पाणी मिळते. ७.५ सेंटिमीटरच्या पाळीला (एका वेळच्या भिजवणीला) हेक्टरी ७५० घनमीटर लागतात, म्हणजे हिशेबाने तीन हेक्टरांहून थोडे अधिक भिजायला हवे. मातीच्या चारीत एक तृतीयांश मुरले तर जेमतेम दोनच हेक्टर भिजतात. हा हिशेब पुढ्यात आला की भांडण 'वरच्यांनी चोरले' यावरून 'चारी कुठे गळते' यावर येते.

लघुवितरिकेच्या मुखाशी आणि शेवटच्या मोघ्याच्या (शेतचारीत पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या) वर, दोन्ही ठिकाणी फ्लूमची, म्हणजे प्रवाह मोजण्याच्या अरुंद नाळीची, गेजपट्टी (पाण्याची उंची दाखवणारी पट्टी) वाचा. सकाळ-संध्याकाळ, आणि वाचताना मुख, मध्य व शेवट अशा तिन्ही भागांतला एकेक जण हजर असू द्या. आकडे त्याच दिवशी फळ्यावर लिहा. फ्लूमसमोर गाळ साचला असेल तर वाचन चुकते. पुढच्या चारीत गवत माजून पाणी तुंबले, तर फ्लूम बुडतो आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रवाह दाखवतो; संस्थेच्या नावावर न मिळालेले पाणी चढते. आवर्तनाआधी (कालव्याला ठरावीक काळ पाणी सुटण्याआधी) शाखा अभियंत्यासोबत संयुक्त पाहणी करून हे सगळे लेखी नोंदवून घ्या.

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने संस्थेला घनमापन पद्धतीने (घनमीटरमध्ये मोजून) पाणी घेण्याचा आणि पिके ठरवण्याचा हक्क दिला आहे. संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेवट यांना समान जागा आहेत. या जागा कागदावर भरून भागत नाही. पाळीपत्रक (कोणी कधी पाणी घ्यायचे याचे वेळापत्रक) शेवटाकडून मुखाकडे लावा, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम शेवटच्या भागातल्या संचालकाकडेच द्या. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड सिंचन प्रकल्पावर संस्थांच्या कारभाराची सुरुवातही १९९०च्या दशकाच्या आरंभी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने कालव्याच्या शेवटाकडच्या तीन संस्थांपासूनच झाली. पुढे संपूर्ण लाभक्षेत्र संस्थांकडे आले.

विहिरीवाल्यांना वगळू नका. कालव्याचा झिरपा आणि आवर्तनात भरलेले ओहोळावरचे बंधारे यांवरच त्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. काही विहिरींची पातळी आवर्तनाच्या आधी आणि आठ दिवसांनी मोजा, म्हणजे ठिबकवर द्राक्ष पिकवणाऱ्याचाही कालव्याशी असलेला संबंध उघड दिसेल. त्यानंतर झिरप्याच्या पाण्यावर माफक आकारणीचा ठराव मांडता येतो. आधी आकारणी आणि मग समजावणे, असे केलेत तर तो ठराव हमखास पडेल.

सभेची वेळही महत्त्वाची. गोडी छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या फळांसाठीच्या छाटणीच्या) धामधुमीत द्राक्षबागायतदार येणार नाही. सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी, शेवटच्या वस्तीवर सभा घ्या. सातबारावरचा माणूस नाशिकला राहतो आणि रात्रीचे पाणी वाटेकरी किंवा घरातली बाई धरते, असे पुष्कळ ठिकाणी आहे. मत सभासदाचे असले तरी या दोघांनाही बोलावून बोलू द्या, कारण मोघा कुठे फुटतो हे त्यांना ठाऊक असते.

प्रश्न : धरणाच्या पाण्यावर शहर आणि कारखान्यांचाही हक्क आहे. तिथे आमचे कोण ऐकणार?
— एक वाचक, नाशिक तालुका

उत्तर : आवर्तनांची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्या सुमाराच्या साठ्यावर वाटप ठरते. उन्हाळी हंगाम १ मार्चपासून. पाणी सुटल्यावर निवेदन देऊन उपयोग नसतो. एकट्या संस्थेचा आवाज क्षीण पडतो, म्हणून एकाच कालव्यावरच्या संस्थांनी मिळून सप्टेंबरअखेर एक पान तयार करावे : पीकवार हेक्टर, हवी असलेली आवर्तने व अंदाजे तारखा, मागच्या वर्षी मंजूर पाणी आणि मुखाशी मोजलेले पाणी. महापालिकेला दरवर्षी आरक्षण किती आणि प्रत्यक्ष उचल किती, हे पाटबंधारे विभागाकडे लेखी विचारा. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहेच आणि त्याविषयी वाद घालू नका. आरक्षित पण न उचललेल्या पाण्याचे काय होणार, हा प्रश्न मात्र बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.