वाचकांचे प्रश्न : सोळाव्या स्थानावरून तीन करंडक

जपानी फुटबॉलमध्ये जे-लीग (देशाची मुख्य व्यावसायिक लीग), लीग कप आणि एम्परर्स कप हे तिन्ही करंडक एकाच मोसमात जिंकणारे क्लब आतापर्यंत दोनच आहेत. २००० मध्ये काशिमा अँटलर्स आणि २०१४ मध्ये गांबा ओसाका. गांबाचा मोसम अधिक नवलाचा, कारण आदल्या वर्षी हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

एका मोसमात तीन स्पर्धा म्हणजे नक्की किती सामने? आणि तिन्हींचे नियम सारखेच असतात का? (वाचक, कोल्हापूर)

गांबाचे २०१४ मध्ये ५१ सामने झाले.

लीगचे ३४. तेव्हा पहिल्या श्रेणीत १८ क्लब होते आणि प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर, एकदा बाहेर असे खेळायचे. शेवटी प्ले-ऑफ, म्हणजे वरच्या संघांची बाद फेरी, नाही. गुणतक्त्यात जो वर, तो विजेता. भारतातली आयएसएल (इंडियन सुपर लीग) प्ले-ऑफसह बघत आलेल्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सोपे जाते.

लीग कपला तेव्हा नाबिस्को कप म्हणत. आशियाई चॅम्पियन्स लीग खेळणारे ४ क्लब थेट उपांत्यपूर्व फेरीत यायचे आणि उरलेले १४ दोन गटांत साखळी खेळायचे. गांबा आशियाई स्पर्धेत नव्हता. त्यामुळे गटाचे ६, उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीचे घर-बाहेर मिळून ४ आणि एक अंतिम, असे ११ सामने त्याच्या वाट्याला आले.

एम्परर्स कप १९२१ पासूनचा, म्हणजे जे-लीगपेक्षा कितीतरी जुना. ४७ प्रांतांचे विजेते, त्यांत विद्यापीठांचे आणि हौशी संघही, आणि वरच्या श्रेणींतले व्यावसायिक क्लब असे सगळे यात उतरतात. पहिल्या श्रेणीचे क्लब दुसऱ्या फेरीपासून येतात, आणि तिथून करंडकापर्यंत ६ सामने. सगळे बाद पद्धतीचे. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी.

पिवळ्या कार्डांचा हिशेब लीग आणि लीग कपसाठी वेगवेगळा ठेवतात. लीगमध्ये ४ पिवळी कार्डे झाली की एक सामना बाहेर बसावे लागते, पण म्हणून तो खेळाडू कपमधून बाहेर जात नाही. नोव्हेंबरात संघ निवडताना प्रशिक्षक ही यादी समोर ठेवूनच बसतो.

१४ सामन्यांनंतर सोळावा असलेला संघ विजेता कसा झाला? नशीब म्हणायचे का? (वाचक, नाशिक)

थोडे नशीब होतेच, त्याकडे पुढच्या प्रश्नात येऊ. पण आधी आकडे पाहा. विश्वचषकासाठी लीग थांबली तेव्हा गांबाचे ४ विजय, ३ बरोबरी, ७ पराभव, म्हणजे १५ गुण होते. अव्वल उरावा रेड्सचे २९. सोळावे स्थान म्हणजे थेट दुसऱ्या श्रेणीत ढकलणाऱ्या तीन जागांपैकी एक. पुढच्या २० सामन्यांत गांबाने १५ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. ४८ गुणांची ही कमाई तेव्हाच्या लीगमध्ये दुसऱ्या कोणालाही जमली नाही.

यामागे तीन-चार कारणे होती. ताकाशी उसामी हा त्यांचा सर्वांत धारदार आघाडीपटू मोसमाच्या सुरुवातीला दुखापतीमुळे बाहेर होता. तो परतला, पण त्याच्या जोडीला चेंडू अंगावर घेऊन बचावपटूंना रेटणारा कोणी नव्हता. ती जागा उन्हाळ्यात आलेल्या ब्राझीलच्या पात्रिकने भरली. पात्रिक बचावफळीच्या मागे धावायचा, प्रतिस्पर्धी मागे सरकायचे आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात उसामीला वळायला जागा मिळायची. लीगमध्ये उसामीचे १० आणि पात्रिकचे ९ गोल झाले.

मात्र गोलपेक्षा बचाव महत्त्वाचा ठरला, आणि बहुतेक लेखांत तोच निसटतो. २०१२ मध्ये गांबाने ३४ सामन्यांत ६७ गोल केले होते. संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक! तरीही क्लब सतरावा येऊन दुसऱ्या श्रेणीत घसरला, कारण ६५ गोल खाल्ले होते. २०१४ मध्ये गोल ५९ झाले, म्हणजे ८ कमीच, पण खाल्ले फक्त ३१.

हा फरक प्रशिक्षक केन्ता हासेगावा यांनी घडवला. ते २०१३ मध्ये, क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना आले. साधी ४-४-२ रचना (४ बचावपटू, ४ मध्यरक्षक, २ आघाडीपटू), दोन्ही बाजूंच्या मध्यरक्षकांनी (हिरोयुकी आबे आणि कोतारो ओमोरी) चेंडू गेला की लगेच मागे यायचे, हा दंडक. अल्बिरेक्स निगाताकडून मासाआकी हिगाशिगुची हा गोलरक्षक आणला. एरवी मध्यबचावात खेळणारा यासुयुकी कोन्नो पुढे सरकून यासुहितो एन्दोच्या शेजारी उभा राहिला. एन्दो तेव्हा ३४ वर्षांचा. पास देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण धावून चेंडू हिसकावणे हे त्याचे काम नव्हे. ते कोन्नोने उचलले आणि एन्दो मोकळा झाला. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही एन्दोच ठरला.

शेवटच्या दिवशी तळाच्या संघाशी ०-० करूनही विजेतेपद? हे गणित समजावून सांगा. (वाचक, नागपूर)

२२ नोव्हेंबरला तीन सामने उरले होते. उरावा ५ गुणांनी पुढे होता आणि त्या दिवशी त्यांनी सायतामात गांबाला हरवले असते तर लीग तिथेच संपली असती. ८७ मिनिटे ०-०. मग उरावाने गोलसाठी माणसे पुढे लोटली, मागे दार उघडे राहिले आणि प्रतिहल्ल्यावर बदली खेळाडू आकिहिरो सातोने ८८व्या मिनिटाला गोल केला. भरपाई वेळेत शू कुराताने दुसरा केला. ०-२, आणि आघाडी ५ वरून २ गुणांवर.

खरे म्हणजे उरावाला त्या दिवशी बरोबरीही चालली असती. ती झाली असती तर दोन सामने शिल्लक असताना ५ गुणांची आघाडी टिकली असती आणि पुढे एका विजयात काम झाले असते. घरच्या प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे करंडक उचलायचा मोह महागात पडला, असे आमचे मत.

२९ नोव्हेंबरला गांबाने कोबेला ३-१ हरवले. उरावाला सागान तोसूने अगदी शेवटच्या क्षणी १-१ रोखले. दोघांचे ६२-६२ गुण झाले. अशा वेळी आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) पाहतात, तोही सारखा असेल तर केलेले गोल, आणि त्यानंतर आपसांतले सामने. गोलफरकावर गांबा वर गेला. शेवटच्या दिवशी, ६ डिसेंबरला, तळाच्या तोकुशिमाविरुद्ध गांबाला गोल करता आला नाही. तोकुशिमाची घसरण कधीच निश्चित झाली होती. गमावण्यासारखे काही नसलेला संघ सगळे गडी मागे ठेवून खेळला. तिकडे माकिनोच्या गोलने सुरुवातीलाच पुढे गेलेला उरावा नागोयाकडून १-२ हरला. निर्णायक गोल केन्सुके नागाईचा, ८९व्या मिनिटाला. गांबा ६३, उरावा ६२.

उरावाची बाजूही सांगायला हवी. त्यांचा प्रमुख गोलवीर शिन्झो कोरोकी ऐन शेवटच्या टप्प्यात पायाच्या दुखापतीमुळे जायबंदी होता. त्याच्याविना संघाला गोल मिळणे अवघड झाले.

दोन्ही कपच्या अंतिम सामन्यांविषयी थोडक्यात सांगा. (वाचक, सातारा)

नाबिस्को कपचा अंतिम सामना ८ नोव्हेंबरला सायतामात, सान्फ्रेच्चे हिरोशिमाविरुद्ध झाला. ३५ मिनिटांत हिसातो सातोचे दोन गोल आणि गांबा ०-२ मागे. तीनच मिनिटांत पात्रिकने एक फेडला. सामन्याची खरी कलाटणी हीच, कारण मध्यंतराला ०-२ असते तर हिरोशिमाने पाच जणांची बचावफळी लावून खेळ गोठवला असता. ५४व्या मिनिटाला पुन्हा पात्रिक, ७१व्या मिनिटाला ओमोरी. ३-२.

हासेगावा याआधी शिमिझू एस-पल्सचे प्रशिक्षक असताना तीन कप-फायनल हरले होते. प्रशिक्षक म्हणून हा त्यांचा पहिला मोठा करंडक. एम्परर्स कपच्या उपांत्य सामन्यात, २६ नोव्हेंबरला, समोर नेमका शिमिझूच आला आणि गांबाने ५-२ जिंकले. हा सामना उरावा आणि कोबे यांच्याविरुद्धच्या लीग सामन्यांच्या मधल्या बुधवारी होता. २२, २६, २९ नोव्हेंबर, ६ आणि १३ डिसेंबर, असे २२ दिवसांत पाच सामने, आणि तेव्हा बदली खेळाडू फक्त तीनच उतरवता येत.

एम्परर्स कपची फायनल एरवी १ जानेवारीला व्हायची. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक असल्याने ती १३ डिसेंबरला, योकोहामाच्या निस्सान स्टेडियमवर घेतली. प्रतिस्पर्धी दुसऱ्या श्रेणीतला मोन्तेदियो यामागाता. उसामीने चौथ्या मिनिटाला गोल केला, पात्रिकने दुसरा जोडला. यामागाताने एक परतवला, पण ८५व्या मिनिटाला पुन्हा उसामी. ३-१. यामागातानेही आदल्याच आठवड्यात प्ले-ऑफ जिंकून पहिल्या श्रेणीत बढती मिळवली होती.

एकाच क्लबने सगळे जिंकले तर आशियाई स्पर्धेच्या जागा कोणाला? (वाचक, मडगाव)

जपानला ४ जागा होत्या. लीगमधले पहिले तीन आणि एम्परर्स कपचा विजेता. विजेता आधीच पहिल्या तिघांत असेल तर जागा लीगमधल्या चौथ्याला. २०१४ मध्ये काशिमा, काशिवा रेसोल आणि सागान तोसू या तिघांचेही ६० गुण होते. तिसऱ्या काशिमाला थेट जागा मिळाली, चौथ्या काशिवाला पात्रता सामन्यातून संधी मिळाली आणि पाचव्या तोसूला काहीच नाही. म्हणजे गांबाच्या तिसऱ्या करंडकाचा फायदा काशिवाला झाला.

मोसमाच्या आरंभीच्या सुपर कपमध्ये लीगविजेता आणि एम्परर्स कपविजेता खेळतात. दोन्ही एकच असल्याने उपविजेत्या उरावाला बोलावले. फेब्रुवारी २०१५ मधला तो सामनाही गांबाने २-० जिंकला.

सध्या जे-लीग पाहायची तर हेच नियम लागू आहेत का? ओसाकात नोकरीनिमित्त आलो आहे. (वाचक, ओसाका)

बरेच बदलले आहे. २०२४ पासून पहिल्या श्रेणीत २० क्लब आणि ३८ सामने आहेत. लीग कपचे नाव आता लेवाइन कप, आणि त्यात तिन्ही श्रेणींचे सगळे ६० क्लब येतात. आणखी मोठा बदल वेळापत्रकाचा. फेब्रुवारी ते डिसेंबर हा मोसम मोडून २०२६-२७ पासून ऑगस्टमध्ये सुरू होणारा मोसम ठरला आहे. त्यामुळे जुने आणि नवे गुणतक्ते शेजारी ठेवताना जपून.

गांबाचे घरही बदलले. २०१४ मध्ये ते १९७०च्या जागतिक प्रदर्शनाच्या आवारातल्या जुन्या मैदानावर खेळत. तिथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये धावपट्टी होती. २०१६ पासून सुइता शहरातच सुमारे ४०,००० आसनांचे नवे स्टेडियम आहे, फक्त फुटबॉलचे, आणि बराचसा खर्च देणग्यांतून झालेला. ओसाका मोनोरेलने बाम्पाकु-किनेन-कोएन स्थानकावर उतरून चालत जाता येते. तिकीट घेताना एक पाहा. गोलामागची जागा उभे राहून गाणाऱ्या समर्थकांची असते. शांतपणे खेळ वाचायचा असेल तर बाजूच्या स्टँडमधली वरची रांग घ्या. पाहुण्या संघाचा रंग घालून यजमानांच्या भागात बसू देत नाहीत.

सेरेझो ओसाका या स्थानिक प्रतिस्पर्धी क्लबाशी सामना असेल तर तिकीट लवकर काढा. २०१४ मध्ये उरुग्वेचा नामवंत आघाडीपटू दिएगो फोर्लानला आणूनही सेरेझो सतरावा येऊन दुसऱ्या श्रेणीत गेला होता, आणि गांबाचे समर्थक ते अजून विसरू देत नाहीत.